लष्करातला दगडी हॉल: जमीन पास, छत काठावर, दरजा नापास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पायी दहा मिनिटांवर असलेला एका मराठी मंडळाचा जुना दगडी हॉल दुरुस्तीनंतर पुन्हा भाड्याने मिळू लागला आहे. नाटकवाले, गाण्याच्या बैठका भरवणारे, कथकचे वर्ग चालवणारे आणि मुंज-साखरपुडावाले असे सगळेच तिथे चौकशीला जातात. भाडं अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने आहे आणि वीज वेगळ्या मीटरवर. व्यवस्थापक मंडळी अगत्याची आहेत, पाणी भरपूर, स्वच्छतागृहं स्वच्छ. ते सगळं ठीकच. हा आढावा इमारतीचा आहे, कारण प्रयोगाच्या दिवशी साथ देते ती इमारत आणि दगा देते तीही इमारतच.

आतली मापं अशी: लांबी १८ मीटर, रुंदी १० मीटर. भिंती साडेपाच मीटर उंच, आणि आढं जमिनीपासून साडेदहा मीटरवर. एका टोकाला खोबणीसारखा आत गेलेला रंगमंच, तोंड साडेसहा मीटर, खोली पाच मीटर, उंची एक मीटर. दुसऱ्या टोकाला दरवाज्यावर लाकडी गॅलरी. खाली २१० खुर्च्या मावतात, वर ४०. जमीन सपाट, फळ्यांची. खुर्च्या सुट्या, एकावर एक चढणाऱ्या, रंगमंचाखाली ढकलून ठेवता येणाऱ्या.

या हॉलची तुलना लोक लगेच नव्या वातानुकूलित प्रेक्षागृहांशी करतात आणि नाक मुरडतात. ते माप चुकीचं आहे. उतरती जमीन आणि जमिनीला ठोकलेल्या गादीच्या खुर्च्या असलेलं प्रेक्षागृह एकच काम करतं. हा हॉल सकाळी पंगत, दुपारी तालीम, संध्याकाळी गाणं आणि रात्री गरबा अशा बेताने बांधलेला आहे. एका खोलीकडून इतकी कामं कशी करून घ्यायची, याचा एक पक्का अभ्यास एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या मनोरुग्णालयांत झाला. तिथल्या ‘रिक्रिएशन हॉल’मध्ये त्याच जमिनीवर नाच व्हायचा, नाटक व्हायचं, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे, आणि कित्येक ठिकाणी प्रार्थना आणि जेवणही.

डम्फ्रीजचं क्रिक्टन रुग्णालय १८३९ मध्ये उघडलं. त्याचे पहिले अधीक्षक डॉ. ब्राउन यांचं मत असं, की करमणूक हा उपचाराचाच भाग आहे. १८४३ मध्ये तिथल्या रुग्णांनी नाटक सादर केलं. १८५७ च्या कायद्याने स्कॉटलंडभर जिल्हावार मनोरुग्णालयं उभारायची यंत्रणा तयार झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मोठा हॉल हा आराखड्याचा जवळजवळ ठरलेला भाग झाला. एडिंबरामध्ये वास्तुकार सिडनी मिचेल यांनी तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. क्लाउस्टन यांच्यासाठी क्रेग हाउसची नवी इमारत बांधली. ती १८९४ मध्ये उघडली, आणि तिचा भव्य हॉल आजही त्या इमारतीची ओळख आहे. बँगूरला, एडिंबराच्या पश्चिमेला, हिप्पोलिट ब्लँक यांनी जर्मनीतल्या आल्ट-शेर्बिट्झ या मनोरुग्णांच्या वसाहतीच्या धर्तीवर अख्खं गावच रचलं. सुट्या बंगल्यांत रुग्ण राहणार आणि सामाईक इमारतींमध्ये हॉल. ते १९०६ मध्ये रीतसर सुरू झालं. क्रिक्टनचा ईस्टरब्रुक हॉल तर १९३८ चा. तिथे करमणुकीच्या हॉलच्या जोडीला व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावही आला.

या इमारतींचं गोडवे गाऊन वर्णन करायचं कारण नाही. पुरुषांचा दरवाजा वेगळा, स्त्रियांचा वेगळा, आणि खिडकी जेमतेम पाच इंच उघडेल अशी अडवलेली. हॉल मधोमध का, तर दोन्ही बाजूंच्या वॉर्डांतून लोकांना नजरेखाली आणता यावं म्हणून. (आपल्या हॉलच्या गॅलरीला स्वतंत्र जिना बाहेरून का आहे, तेही कुठल्याही जुन्या सभासदाला विचारा. ‘बायकांसाठी’ हेच उत्तर मिळेल.) पण खोली म्हणून त्या हॉलमध्ये तीन गोष्टी बहुधा चोख असायच्या: लवचीक सपाट जमीन, उंच मोकळं छत आणि श्वास घेणारी भिंत. लष्करातल्या हॉलला याच तीन कसोट्या लावल्या आहेत.

जमिनीपासून सुरुवात, कारण दुरुस्तीत सगळ्यात उत्तम काम तिचं झालं आहे. ज्या सुताराने ती केली त्याला हे शास्त्र ठाऊक होतं, यात शंका नाही.

रचना अशी आहे. जोत्याच्या आत दीड-दीड मीटरवर बुटक्या भिंती. त्यांच्यावर पत्र्याची टोपी, कडा खाली ४५ अंशांत वाकवलेल्या, म्हणजे वाळवीला वर यायचं तर उघड्यावरून यावं लागतं आणि तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते. टोप्यांवर ५० × १०० मिलिमीटरचे सागवानी वासे, ४०० मिलिमीटरच्या अंतराने. त्यावर २५ मिलिमीटर जाडीच्या, ९० मिलिमीटर रुंदीच्या नर-मादी सांध्याच्या फळ्या, खिळे जिभेतून तिरपे मारलेले, वरून एकही दिसत नाही. फळ्यांखाली ४० सेंटिमीटरची पोकळी.

हे आकडे उगाच नाहीत. सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला आणि नाचाच्या जमिनीला भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलोचा भार धरतात. त्या भाराखाली दीड मीटरच्या गाळ्यातला हा वासा सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास वाकतो. तुटण्याच्या जवळपासही जात नाही, पण पायाला जमीन जिवंत लागते. वासा जाड घेतला असता तर जमीन ‘मजबूत’ झाली असती आणि तासाभराच्या तालमीनंतर पोटऱ्या भरून आल्या असत्या. स्कॉटिश रील या नाचात आठ जण एका तालावर उड्या मारतात, गरब्यात आपले शंभर जण. दोन्हीकडे गुडघे वाचवते ती ही लवच.

फळ्या अरुंद ठेवल्या हेही शहाणपणाचं. ग्वाल्हेरचा मे कोरडा ठाक आणि ऑगस्ट दमट, म्हणजे लाकूड फुगणार आणि आक्रसणार. दहा मीटर रुंदीत ९० मिलिमीटरच्या फळ्यांचे शंभरावर सांधे येतात. सगळी हालचाल त्यांत वाटली जाते, एकेका सांध्याच्या वाट्याला जेमतेम मिलिमीटर. दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या फळ्या दिसायला भारदस्त, पण पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या फटींत नाणं उभं राहतं. भिंतीकडेने १२ मिलिमीटरची मोकळी जागा सोडून वर पट्टी मारली आहे, आणि ती पट्टी भिंतीला ठोकली आहे, जमिनीला नाही. हा छोटा मुद्दा चुकला की पावसाळ्यात जमीन मधोमध पोटासारखी फुगते.

दोन उणिवा मात्र आहेत. पहिली, पोकळीची हवा. जोत्यात दोन्ही लांब बाजूंना दगडी जाळ्या आहेत, पण पूर्वेकडच्या बाजूला नवीन फरशी घालताना अंगणाची पातळी वर आली आणि त्या बाजूच्या जाळ्या अर्ध्याहून अधिक बुजल्या. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत अशा जमिनीखाली भिंतीच्या दर मीटरला किमान १५०० चौरस मिलिमीटर मोकळं छिद्र मागतात, म्हणजे १८ मीटरच्या भिंतीला २७० चौरस सेंटिमीटर. आपल्या पावसाळ्यात याच्या दुप्पट असलं तरी चालेल. हवा एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे, एकच बाजू उघडी असून भागत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला आमंत्रण. स्कॉटलंडमधल्या रिकाम्या पडलेल्या रुग्णालयांच्या जमिनी कोरड्या कुजीच्या बुरशीने अशाच खाल्ल्या: आधी पन्हळ फुटली, मग भिंत भिजली, मग बंद पोकळी. आपल्याकडे बुरशीच्या आधी वाळवी पोचते, एवढाच फरक. उपाय स्वस्त आहे. भिंतीलगतची हातभर रुंदीची फरशी उचलायची आणि तिथे खडीचा चर ठेवायचा.

दुसरी उणीव कथकवाल्यांसाठी. घुंगरांचा आवाज स्वच्छ येतो, पण तळपायाच्या आघाताखाली पोकळी ढोलासारखी घुमते. वाशांच्या मध्ये जाळीवर ५० मिलिमीटरचा खनिज लोकरीचा थर बसवला असता तर हे घुमणं बरंच आवरलं असतं. स्कॉटलंडमध्ये मजल्याच्या फळ्यांखाली राख भरायची जुनी रीत होती ती आवाजासाठीच. आता निदान तबल्याची बैठक थेट जमिनीवर न ठेवता जाड सतरंजीवर ठेवा.

रंगमंचाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साडेसहा मीटरचं तोंड संगीत नाटकाला पुरतं. विंगा अरुंद आहेत, मोठा सेट हलवायला जागा नाही. एलईडी दिवे असतील तर वीज पुरते. १ किलोवॉटचे जुने हॅलोजन डझनभर लावायचे असतील तर आधी तारतंत्र्याला तीन फेजचा भार वाटून द्यायला सांगा.

आता आवाज. खोलीचं घनफळ सुमारे १४४० घनमीटर भरतं. आवाज विरायला लागणारा वेळ काढायचं सॅबिन यांचं सूत्र सोपं आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र. रिकाम्या हॉलमध्ये दगड, चुना, फळ्या आणि पडदा मिळून साधारण ६० चौरस मीटर शोषण होतं. म्हणजे आवाज विरायला पावणेचार सेकंदांच्या वर लागतात. टाळी वाजवून पाहा, खात्री पटेल. पण माणूस हाच सगळ्यात चांगला शोषक. दर डोई ०.४५ धरलं तर २५० माणसं ११२ चौरस मीटरची भर घालतात आणि वेळ १.३५ सेकंदांवर येतो.

हा आकडा ग्वाल्हेर गायकीला मानवणारा आहे. आलाप भरून येतो, तंबोरा खोलीभर पसरतो आणि सपाट तानेचे दाणे अजून सुटे ऐकू येतात. दीड सेकंदाच्या पुढे ते एकमेकांना चिकटू लागले असते. गद्य नाटकाला मात्र हा वेळ जास्तच, तिथे एक-सव्वा सेकंदाच्या आत यायला हवं. मागच्या भिंतीवर आणि गॅलरीखाली मिळून ७० चौरस मीटर जाड, चुण्यांचा पडदा सोडला तर वेळ १.१ सेकंदांपर्यंत उतरतो. कापड दुपटीने लागेल, म्हणजे १४० चौरस मीटर. पडदा सरकता ठेवा, गाण्याच्या दिवशी तो गुंडाळलेलाच हवा. शंभरच प्रेक्षक येणार असतील तर हा हॉल नाटकासाठी घेऊच नका, शब्द भिंतींवर फिरत राहतील. आणि हो, डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या थंडीत, शाली-स्वेटरं पांघरलेले श्रोते मे महिन्यातल्या मलमलवाल्यांपेक्षा जास्त आवाज पितात. ध्वनिक्षेपक लावणाऱ्याने तालमीत बसवलेली पट्टी प्रयोगाला तशीच ठेवू नये.

मंडळात सध्या ‘पीओपीचं छत टाकून एसी बसवू’ अशी चर्चा चालू असल्याचं कळतं. भिंतीच्या वरच्या कडेखाली, साडेचार मीटरवर छत आलं की १४४० चे ८१० घनमीटर होतील, माणशी सव्वातीन. छत पेलणाऱ्या लाकडी कैच्या झाकल्या जातील आणि त्यांतली गळती दोन-तीन पावसाळे कुणाला दिसणारही नाही. गाण्यातला भराव गेला तो गेलाच. हे करू नये.

छताला काठावर पास करण्याची कारणं तीन आहेत. कैच्या स्वतः उत्तम: पाच कैच्या, तीन-तीन मीटरवर, दोन खांबी, दहा मीटरच्या गाळ्याला साजेशा. एका उभ्या खांबाची कैची आठ-नऊ मीटरपर्यंत भागवते, पुढे दोन खांबीच हवी. चूक झाली ती टोकांना. कैचीचं टोक टेकणीच्या दगडावर, चारी बाजूंनी बोटभर हवा सोडून बसायला हवं. इथे कंत्राटदाराने नीटनेटकेपणाच्या हौसेने टोकाभोवती सिमेंट थापलं आहे. भिंतीतली ओल आता थेट लाकडाच्या आडव्या कापात शिरणार. कैची मधून कधी मोडत नाही, टोकाकडून कुजते.

दुसरं, पाऊस. पत्र्याखाली २० मिलिमीटर फळ्यांचं अस्तर आहे. स्कॉटलंडमध्येही पाटीच्या दगडाखाली असंच सलग फळ्यांचं अस्तर असतं, त्याला तिकडे ‘सार्किंग’ म्हणतात. पण पाटीचा दगड जड, पत्रा हलका. मध्ये लोकरीचा थर नसल्याने जुलैच्या सरीत दुसऱ्या ओळीलाही संवाद ऐकू येणार नाहीत. पावसाळ्यात लग्न करा, नाटक नको.

तिसरं, हवा. अडीचशे माणसं म्हणजे बसल्या बसल्या २५ किलोवॉटची शेगडी. माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरली तर २ घनमीटर हवा दर सेकंदाला वरून बाहेर पडली पाहिजे. आत-बाहेर पाच अंशांचा फरक असेल तर नऊ मीटर उंचीच्या ओढीने हवा सेकंदाला सुमारे ०.७ मीटर वेगाने निघते, म्हणजे वर ३ चौरस मीटर तोंड हवं. आढ्यावरच्या दोन हवादाणींचं मिळून भरतं १.२. उरलेलं काम भिंतीच्या वरच्या आठ झडपांच्या खिडक्यांचं होतं, आणि त्या रंगकाम करताना रंगाने चिकटवून टाकल्या आहेत! पातळ पात्याने सांधा कापून, बिजागऱ्यांना तेल देऊन, दोरी-कप्पी पुन्हा बसवली की २.४ चौरस मीटर मोकळे होतात आणि हिशेब जमतो. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे.

कूलर मागवणार असाल तर वरच्या खिडक्या उघड्याच हव्यात. ‘गारवा जाईल’ म्हणून त्या बंद केल्या की ओली हवा कोंडून तासाभरात सगळे घामाघूम होतात. मेच्या दुपारी, बाहेर ४५ अंश असताना, कुठलाच उपाय चालत नाही. तेव्हा हॉल सकाळी साडेदहापर्यंत किंवा रात्री नऊनंतर घ्या.

आणि भिंती. बाहेरून पाहणारे सगळ्यात जास्त कौतुक यांचंच करतात. दगड धुऊन काढलेला, दरजा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, उठावदार, करड्या रंगाच्या, एकसारख्या. नेमकं हेच काम नापास आहे. ग्वाल्हेरचा दगड वालुकाश्म. मध्य स्कॉटलंडही असाच वालुकाश्माचा, आणि तिथे विसाव्या शतकात हीच चूक हजारो भिंतींवर झाली. जुनी दरज चुन्याची, दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र. भिंतीतली ओल तिच्यातून बाहेर पडते, क्षार तिच्यातच जमतात, शंभर वर्षांनी ती झिजते, मग नवी भरायची. मरते ती दरज, दगड वाचतो. सिमेंटची दरज दगडाहून कठीण आणि कोंदट. मग ओल दगडाच्या तोंडातून निघते, क्षार पृष्ठभागाखाली फुलतात आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. काही वर्षांनी दरज जाळीसारखी पुढे उभी राहते आणि दगड मागे गेलेला दिसतो. पश्चिमेच्या भिंतीवर, पन्हळीच्या खाली, कमरेच्या उंचीला पांढरी फुलोरी आत्ताच दिसते आहे. हात फिरवला तर भुकटी येते. स्कॉटलंडमध्ये चुन्याचं कसब पुन्हा शिकवायला १९९४ मध्ये फाइफ परगण्यात खास संस्था काढावी लागली. ग्वाल्हेरच्या जवळपास चुन्याचे गवंडी अजून आहेत, त्यांना बोलावलं मात्र नाही.

दुरुस्तीची रीत अशी. सिमेंट छिन्नी-हातोडीने, हाताने काढायचं. ग्राइंडर दगडाची कड खातो. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट आणि निदान २५ मिलिमीटर खोल मोकळं करायचं, धूळ झटकायची, पाणी मारायचं. मुरवलेला कळीचा चुना एक भाग, धारदार वाळू अडीच ते तीन भाग. जिथे पावसाचा मारा आहे तिथे थोडी विटांची सुरखी. दाबून भरायचं, दगडाच्या तोंडावर येऊ द्यायचं नाही. आठवडाभर ओली गोणपाटं. गूळ, मेथी, बेल घालायचे की नाही यावर गवंडी भांडत बसतात. बसू द्या. ओलं राखण्यात कसूर झाली तर त्यातलं काहीच वाचवत नाही.

बुकिंग करणाऱ्यांना हे सांगायचं कारण वेगळं आहे. स्कॉटलंडमध्ये चुन्याचं काम उन्हाळ्यात करतात, कारण कच्च्या चुन्याला दंव खातं. ग्वाल्हेरात उलट, मे महिन्यात तो मुरण्याआधी वाळून भुगा होतो, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि तेही कडाक्याचे दिवस टाळून. गाण्याचा, लग्नांचा आणि नाटकांचा हंगामही नेमका तोच. दरजा पुन्हा भरायला काढल्या तर परांची बांधली जाईल आणि मुख्य दरवाजा काही आठवडे बंद राहील. येत्या हिवाळ्याची तारीख घेत असाल तर अनामत भरण्याआधी परांची कधी चढणार ते मंडळाकडून लिहून घ्या, आणि पाहायला जाल तेव्हा टॉर्च न्या. रंगमंचाच्या डाव्या विंगेत जमिनीखाली उतरायची झडप आहे, ती उघडायला सांगा.